डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच: तक्ता पाठ आहे, तरी वाक्य का अडतं?

पाऊलखूण

मुलीचा इंग्रजीचा अभ्यास घेताना आम्ही दोघी या एका प्रकरणाशी अडलो आहोत. तिला तक्ता तोंडपाठ आहे. नाऊचं देन, टुडेचं दॅट डे, विलचं वुड, धिसचं दॅट, सगळं घडाघडा म्हणते. पण वाक्य समोर आलं की कुठला बदल करायचा आणि कुठला नाही, इथे गोंधळ होतो. वहीतली तीन वाक्यं देते:

१. ही सेड टू मी, "यू हॅव टेकन माय पेन."
२. मीना सेड टू हर ब्रदर, "व्हेअर डिड यू लीव्ह द कीज यस्टरडे?"
३. द टीचर सेड, "द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन."

तिसऱ्यात तिने तक्त्याप्रमाणे 'मूव्ह्ड' केलं, तर त्याखाली लाल रेघ आली. आता ती विचारते, "आई, मुळात बदलायचंच कशाला? तो जे बोलला तेच लिहू की. मराठीत आपण कुठे काय बदलतो?" मला या प्रश्नाचं उत्तर हवंय. नियमांची यादी आमच्याकडे आहे. त्या नियमांच्या मागे काय आहे, ते कुणी समजावून सांगेल का?

---

अक्षरवेल

मुलीचा प्रश्न फार चांगला आहे. त्याचं उत्तर दिल्याशिवाय तक्ता शिकवायलाच घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. बरीच वर्षं इंग्रजी शिकवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण बहुतेक वेळा त्याचं वाक्य जसंच्या तसं उचलून पुढे ठेवतो. "रवी म्हणाला, मी उद्या येतो." मध्ये 'की' घातला तरी आतलं वाक्य रवीचंच राहतं: "रवी म्हणाला की मी उद्या येतो." संस्कृतातही बोललेलं वाक्य तसंच ठेवून शेवटी 'इति' लावत. आपलं 'असं म्हणाला', 'येतो म्हणून सांगितलं' हे त्याच वळणाचं.

याचा एक तोटा आहे, तो आपल्या सहसा लक्षात येत नाही. "रमेश म्हणाला की मी चुकलो." कोण चुकलं? रमेश, की हे वाक्य सांगणारा? दोन्ही अर्थ निघतात. समोर बसून बोलताना सुरावरून आणि संदर्भावरून आपण ओळखतो, म्हणून अडत नाही.

इंग्रजीत अवतरण चिन्हं काढली की आतल्या वाक्यावरचा मूळ बोलणाऱ्याचा ताबा संपतो. तिथून पुढे सगळं वाक्य सांगणाऱ्याचं असतं. 'मी' म्हणजे सांगणारा, 'तू' म्हणजे ज्याला सांगतोय तो, 'इथे' म्हणजे सांगणारा जिथे आहे ती जागा आणि 'आज' म्हणजे तो ज्या दिवशी सांगतोय तो दिवस. तक्त्यातला जवळजवळ प्रत्येक बदल या एका गोष्टीतून निघतो. मुलीला तक्त्याआधी एवढंच विचारायला शिकवा: कोण सांगतंय, कुणाला, कुठे आणि कधी?

एक वाक्य घेऊन बघू. सोमवारी नेहाने मला सांगितलं, "आय विल कॉल यू टुमॉरो." आता मी हे तुम्हाला सांगतेय.

सोमवारी रात्री सांगितलं तर: शी सेड शी वुड कॉल मी टुमॉरो.
मंगळवारी सांगितलं तर: शी सेड शी वुड कॉल मी टुडे.
बुधवारी सांगितलं तर: शी सेड शी वुड कॉल मी यस्टरडे.
महिन्याभराने सांगितलं तर: शी सेड शी वुड कॉल मी द नेक्स्ट डे.

चारही वाक्यं शुद्ध आहेत. तक्त्यात यातलं फक्त शेवटचं असतं. कारण परीक्षेच्या वाक्यात कोण कधी सांगतंय याचा पत्ता नसतो, म्हणून 'नंतर कधीतरी, दुसऱ्या ठिकाणी' असं धरून चालतात. परीक्षेत 'द नेक्स्ट डे'च लिहायचं. पण ते का लिहितोय, हे मुलीला माहीत असू दे. 'हिअर' आणि 'धिस'चंही तसंच. नेहा याच खोलीत उभी राहून "आय लाइक धिस रूम" म्हणाली आणि मीही त्याच खोलीत बसून तुम्हाला सांगतेय, तर "शी सेड शी लाइक्ड धिस रूम" हेच बरोबर. तिथे 'दॅट रूम' म्हटलं तर ऐकणारा दुसरी खोली शोधायला लागेल.

आता पहिलं वाक्य. ही सेड टू मी, "यू हॅव टेकन माय पेन." 'यू' म्हणजे ज्याला सांगितलं तो, म्हणजे मी. 'माय' म्हणजे बोलणाऱ्याचं, म्हणजे त्याचं. म्हणून: ही टोल्ड मी दॅट आय हॅड टेकन हिज पेन.

शाळेत याला एस-ओ-एन नियम म्हणतात: प्रथम पुरुष सब्जेक्टप्रमाणे, द्वितीय पुरुष ऑब्जेक्टप्रमाणे, तृतीय पुरुष नो चेंज. नियम उपयोगी आहे. पण 'हे कोणाबद्दल चाललंय?' असं विचारलं तर नियम न आठवताही तेच उत्तर येतं.

काळाबद्दल उद्या लिहिते, तो मोठा विषय आहे.

---

ताम्हण

सुंदर प्रतिसाद. वाखूण साठवली आहे.

सर्वनामांबद्दल एक पुरवणी. नियम अगदी बरोबर लावूनही वाक्य संदिग्ध होऊ शकतं. रवी सेड टू समीर, "आय हॅव लॉस्ट युअर बुक." याचं होतं: रवी टोल्ड समीर दॅट ही हॅड लॉस्ट हिज बुक. कोणी हरवलं, कोणाचं हरवलं? दोघेही 'ही'. मी अशा वेळी मुलांना नाव घालायला सांगतो: रवी टोल्ड समीर दॅट ही हॅड लॉस्ट समीर्स बुक. परीक्षेत याचे गुण कापलेले मी तरी पाहिले नाहीत.

---

रानजाई

मराठीत काही बदलत नाही हे पूर्ण खरं नाही, असं वाटतं. "रवीने सांगितलं की तो उद्या येणार आहे" असंही आपण म्हणतोच की. म्हणजे 'मी'चा 'तो' झालाच.

---

अक्षरवेल

@रानजाई, बरोबर. पुरुष बदलणारी रचना मराठीत आहे, आणि लिहिताना ती बरीच वापरली जाते. पण तुमच्याच वाक्यात बघा, 'येणार आहे' तसंच राहिलं. काळ हलला नाही. खरी मेख तिथेच आहे, आणि आज त्याबद्दलच लिहायचं होतं.

"तो म्हणाला की तो आजारी आहे." इंग्रजीत: ही सेड दॅट ही वॉज इल.

मराठी कानाला 'वॉज इल' म्हणजे 'आजारी होता' वाटतं. 'तो म्हणाला की तो आजारी होता' याचा आपल्याकडे अर्थ वेगळा: बोलण्याच्या आधी कधीतरी आजारी होता, आता बरा आहे. म्हणून मुलं 'इज'चं 'वॉज' करायला मनातून तयार नसतात. अर्थ बिघडतोय असं त्यांना वाटतं, आणि मराठीच्या हिशेबाने ते खरंच आहे. तक्ता पाठ असूनही वाक्य अडतं ते इथे. मुलांनी अभ्यास केलेला असतो, पण ती कानावर विश्वास ठेवतात आणि कान मराठीचा असतो.

इंग्रजीत या 'वॉज'चं काम वेगळं आहे. 'सेड' भूतकाळात आहे, म्हणजे सांगणाऱ्याने आपला काळ आधीच ठरवलाय. आतलं क्रियापद त्याच्याशी जुळवून घेतं. ही वॉज इल म्हणजे तो बोलला तेव्हा आजारी होता. आज बरा आहे की नाही, याबद्दल वाक्य काही बोलत नाही.

मग 'आधी आजारी होतो' हे कसं सांगायचं? त्यासाठी आणखी एक पायरी मागे जावं लागतं:

"आय ॲम इल." → शी सेड शी वॉज इल.
"आय वॉज इल." → शी सेड शी हॅड बीन इल.

ही दोन वाक्यं मुलीला शेजारी शेजारी लिहायला लावा. पास्ट परफेक्टची गरज तिला लगेच दिसेल. दुसऱ्या वाक्यातही 'वॉज'च ठेवलं असतं, तर मूळ वाक्य कोणतं होतं ते कळलंच नसतं.

याच न्यायाने प्रेझेंट परफेक्टही मागे सरकून पास्ट परफेक्ट होतो: हॅज गॉनचं हॅड गॉन. म्हणजे "आय लॉस्ट इट" आणि "आय हॅव लॉस्ट इट" दोन्ही एकाच 'हॅड लॉस्ट'मध्ये येऊन मिळतात. म्हणूनच इनडायरेक्टचं परत डायरेक्ट करा असा प्रश्न आला, तर कधी कधी दोन उत्तरं बरोबर असतात. पास्ट परफेक्टच्या मागे मात्र जागा नाही, तो जिथे आहे तिथेच राहतो.

---

रेघोट्या

या मागे सरकण्याला 'बॅक-शिफ्टिंग' म्हणणारे डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन (१८६०–१९४३). मला हा शब्द तक्त्यापेक्षा आवडतो. 'प्रेझेंटचं पास्ट करा, पास्टचं पास्ट परफेक्ट करा' अशा सुट्या सुट्या सूचनांऐवजी 'सगळं एक पायरी मागे' एवढंच लक्षात ठेवायचं. विलचं वुड, कॅनचं कुड, मेचं माइट हेही त्यातच आलं. वुड, कुड, माइट, शुड हे आधीच मागच्या पायरीवर असल्यामुळे हलत नाहीत.

आणि पायरी मागे जायची ती रिपोर्टिंग व्हर्ब, म्हणजे 'सेड', 'टोल्ड' असं सांगण्याचं क्रियापद, भूतकाळात असेल तरच. 'ही सेज', 'ही विल से', 'ही हॅज सेड' यांच्यानंतर काळाला हात लावायचा नाही. सर्वनामं मात्र बदलतात. मुलं इथे उलट चूक करतात: 'सेज' दिसलं की काहीच बदलायचं नाही असं समजून "ही सेज दॅट आय ॲम टायर्ड" लिहून मोकळी होतात. मग दमलेला कोण, सांगणारा की तो?

---

पाऊलखूण

'वॉज इल' आणि 'हॅड बीन इल' लिहायला लावलं. पहिल्यांदाच तिने "अच्छा, म्हणून होय!" म्हटलं. खूप आभार.

पण मग पृथ्वीचं काय? 'सेड' भूतकाळात आहे, तरी 'मूव्ह्ज' का राहतं?

---

ताम्हण

त्रिकालाबाधित सत्य, म्हणून काळ बदलत नाही. नियम आहे. म्हणी, वैज्ञानिक तथ्यं, गणित यांनाही हाच.

---

अक्षरवेल

ताम्हण यांनी सांगितलं ते परीक्षेसाठी पुरेसं आहे. पण या नियमाबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण तो जितका कडक शिकवला जातो तितका मुळात नाही.

बोललेली गोष्ट अजूनही खरी असेल आणि सांगणारा ती स्वतःही खरी मानत असेल, तर इंग्रजीत काळ मागे न नेण्याची मुभा आहे. पृथ्वी आजही फिरतेय, म्हणून 'मूव्ह्ज' ठेवता येतं. 'मूव्ह्ड' लिहिलं तर व्याकरण मोडत नाही, काळाशी जुळवून घेणं एवढाच त्याचा अर्थ. चांगल्या इंग्रजी लेखनात दोन्ही सापडतात. शाळेच्या पुस्तकांनी यातला एक पर्याय पक्का केला, कारण तपासायला एकच उत्तर सोयीचं पडतं. तेव्हा मुलीने परीक्षेत 'मूव्ह्ज' लिहावं, पण 'मूव्ह्ड' लिहिलं म्हणून तिला इंग्रजी येत नाही असं कुणी म्हणू नये.

ही मुभा वैज्ञानिक सत्यापुरती नाही. "माय सिस्टर लिव्ह्ज नेक्स्ट डोअर" असं कुणी काल म्हणालं आणि ती आजही शेजारीच राहते, तर "ही सेड हिज सिस्टर लिव्ह्ज नेक्स्ट डोअर" चालतं. ती त्रिकालाबाधित शेजारीण नाही, पण आजची आहे.

उलट बाजूही बघा. जुन्या काळी लोक मानत की सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. तेव्हाच्या कुणाचं वाक्य सांगायचं तर: दे सेड दॅट द सन मूव्ह्ड राउंड द अर्थ. इथे 'मूव्ह्ज' लिहिलं तर सांगणाराही ते खरं मानतो असा वास येईल. म्हणजे काळ मागे नेला की 'हे त्यांचं म्हणणं, माझं नव्हे' असं अंतर राखता येतं. हे नीट समजलं की मूल बातमी वाचतानाही जास्त सावध वाचतं.

---

कवडसा

धागा वाचतोय. भाषांतराचं काम करतो, त्यामुळे रोजचा विषय आहे.

काळ मागे नेल्याने अर्थ उलटतो असं एक ठिकाण कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहितो. 'इफ'ची वाक्यं.

ही सेड, "इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ हाउस." म्हणजे आत्ता पैसे नाहीत, असते तर घेतलं असतं. इथला 'हॅड' दिसायला भूतकाळ आहे, पण सांगतोय कल्पना. त्याला एक पायरी मागे नेऊन 'इफ ही हॅड हॅड मनी, ही वुड हॅव बॉट' केलं, तर अर्थ होतो की मागे कधीतरी संधी होती आणि ती हुकली. म्हणून तसंच ठेवायचं: ही सेड दॅट इफ ही हॅड मनी, ही वुड बाय अ हाउस. 'आय विश आय न्यू द आन्सर'चंही तेच: ही विश्ड ही न्यू द आन्सर. 'न्यू'ला हात लावायचा नाही.

साधी अट असेल तर मात्र सरकते: "इफ इट रेन्स, आय विल स्टे होम" → ही सेड दॅट इफ इट रेन्ड, ही वुड स्टे होम.

आणि 'मस्ट'. तक्ता सांगतो मस्टचं हॅड टू. सक्ती असेल तर बरोबर: "आय मस्ट गो" → ही सेड ही हॅड टू गो. पण "यू मस्ट बी टायर्ड" हा अंदाज आहे, सक्ती नव्हे. तो तसाच राहतो: ही सेड आय मस्ट बी टायर्ड. आणि 'मस्ट नॉट' म्हणजे मनाई. त्याचं 'डिड नॉट हॅव टू' केलं तर 'सांगू नकोस' याचं 'सांगितलं नाहीस तरी चालेल' होतं! "यू मस्ट नॉट टेल एनीवन" → ही टोल्ड मी नॉट टू टेल एनीवन. एवढ्या फरकाने करारपत्रातलं कलम उलटू शकतं.

---

रानजाई

'से' आणि 'टेल'बद्दलही लिहा कुणीतरी. 'ही टोल्ड दॅट' आणि 'ही सेड मी दॅट' या दोन्ही चुका मोठ्यांच्या ईमेलमध्येही सर्रास दिसतात.

---

ताम्हण

टेलला माणूस लागतो, सेला लागत नाही. ही टोल्ड मी दॅट. ही सेड दॅट. 'सेड टू मी दॅट' चुकीचं नाही, पण इनडायरेक्टमध्ये 'टोल्ड मी' सहज वाटतं. 'टोल्ड टू मी' मात्र नको.

---

पाऊलखूण

आता प्रश्नांकडे येऊ का? तिचं उत्तर होतं: मीना आस्क्ड हर ब्रदर दॅट व्हेअर डिड ही लीव्ह द कीज द प्रीव्हियस डे. तीन ठिकाणी रेघा आहेत.

---

अक्षरवेल

'द प्रीव्हियस डे' तर तिने बरोबर केलंय, ते आधी तिला सांगा.

बाकीचं असं. अवतरण चिन्हं गेली की आतला प्रश्न प्रश्न राहत नाही. आता सांगणारा काही विचारत नाहीये, कुणीतरी विचारलं होतं एवढं कळवतोय. प्रश्नाचं अंगच नाही, तर प्रश्नाचा पोशाखही नको. म्हणून प्रश्नचिन्ह जातं, डू-डझ-डिड जातं, आणि कर्ता परत क्रियापदाच्या आधी येतो. 'डिड लीव्ह' हा भूतकाळ एक पायरी मागे: हॅड लेफ्ट.

मीना आस्क्ड हर ब्रदर व्हेअर ही हॅड लेफ्ट द कीज द प्रीव्हियस डे.

'दॅट' मराठीतून घुसतं. 'तिने विचारलं की किल्ल्या कुठे ठेवल्यास' म्हणायची आपल्याला सवय, म्हणून 'की'च्या जागी 'दॅट' येतं. इंग्रजीत जोडायचं काम 'व्हेअर' स्वतःच करतो, त्याला मदतनीस लागत नाही.

व्हेअर-व्हाय-व्हॉट यांतलं काही नसेल, म्हणजे उत्तर हो-नाही असेल, तर जोडायला काहीतरी हवं. तिथे 'इफ' किंवा 'व्हेदर'. "डू यू नो हिम?" → शी आस्क्ड मी इफ आय न्यू हिम. या दोघांत बहुतेक वेळा फरक पडत नाही, फक्त 'टू'च्या आधी आणि 'ऑर नॉट'च्या लगेच आधी व्हेदरच: व्हेदर टू गो, व्हेदर ऑर नॉट.

दोन वाक्यं वेगळी लक्षात ठेवावी लागतात. "हू ब्रोक द कप?" यात 'हू' स्वतःच कर्ता आहे, म्हणून क्रम आधीपासूनच सरळ: ही आस्क्ड हू हॅड ब्रोकन द कप. आणि "व्हॉट इज द मॅटर?" याचं शी आस्क्ड व्हॉट वॉज द मॅटर असंच होतं. इथे 'व्हॉट द मॅटर वॉज' करायची घाई नको.

---

कवडसा

प्रश्नाच्या रूपात आलेला प्रत्येक प्रश्न प्रश्न नसतो, हेही सांगायला हवं. "कुड यू ओपन द विंडो?" ही विनंती आहे. शी आस्क्ड मी टू ओपन द विंडो. 'शी आस्क्ड इफ आय कुड ओपन द विंडो' लिहिलं तर खिडकी उघडायची ताकद आहे का, अशी चौकशी केल्यासारखंही वाचता येतं.

'शॅल'ची गंमत तर याहून मोठी. "शॅल आय कॅरी युअर बॅग?" म्हणजे मदतीची तयारी: ही ऑफर्ड टू कॅरी माय बॅग. "व्हेअर शॅल आय पुट द बॉक्स?" म्हणजे सूचना मागणं: ही आस्क्ड व्हेअर ही शुड पुट द बॉक्स. "शॅल वी नो द रिझल्ट टुडे?" म्हणजे नुसती माहिती: दे आस्क्ड इफ दे वुड नो द रिझल्ट दॅट डे. एकच शब्द, तीन उत्तरं. कोणतं घ्यायचं हे बोलणाऱ्याच्या मनात काय होतं त्यावर ठरतं.

---

रेघोट्या

आज्ञार्थी वाक्यांत तर सगळी परीक्षा मनातलं ओळखण्याचीच असते. रूपाचा बदल किरकोळ: टू लावा, नकार असेल तर नॉट टू. कस लागतो तो क्रियापद निवडताना. "डोन्ट टच द वायर." वडील मुलाला ओरडून सांगतायत तर वॉर्न्ड. कारखान्यातला प्रमुख सांगतोय तर ऑर्डर्ड. वायर दुरुस्त करणारा सहज सांगतोय तर नुसतं टोल्ड. तिन्हींच्या पुढे 'हिम नॉट टू टच द वायर'.

'फॉरबेड' घेतलं तर मात्र 'नॉट' नको, कारण नकार त्या क्रियापदातच आहे: ही फॉरबेड हिम टू टच द वायर. 'रिक्वेस्टेड' घेतलं की प्लीज जातं, कारण विनंती आधीच सांगून झाली. आणि 'रिक्वेस्टेड टू हिम' नाही, 'रिक्वेस्टेड हिम'.

सगळ्यात जास्त चुकतं ते 'लेट्स'. "लेट्स गो फॉर अ वॉक" याचं 'शी सजेस्टेड मी टू गो' होत नाही. सजेस्ट हे क्रियापद ॲडव्हाइजसारखं चालत नाही. शी सजेस्टेड दॅट वी शुड गो फॉर अ वॉक, किंवा सरळ शी सजेस्टेड गोइंग फॉर अ वॉक.

---

ताम्हण

उद्गारवाचक राहिलं. "व्हॉट अ ब्यूटिफुल गार्डन!" → शी एक्स्क्लेम्ड दॅट इट वॉज अ व्हेरी ब्यूटिफुल गार्डन. आनंद असेल तर विथ जॉय, दुःख असेल तर विथ सॉरो. झालं.

---

अक्षरवेल

परीक्षेपुरतं झालं, खरंय. पण 'एक्स्क्लेम्ड विथ जॉय' हा प्रकार वाक्यांतराच्या प्रश्नाबाहेर फारसा कुणी लिहीत नाही. 'शी रिमार्क्ड हाउ ब्यूटिफुल द गार्डन वॉज' जास्त स्वाभाविक आहे. 'थँक यू'चं 'थँक्ड', 'सॉरी'चं 'अपोलोजाइज्ड', 'काँग्रॅच्युलेशन्स'चं 'काँग्रॅच्युलेटेड' ही क्रियापदं मात्र मुलीला भरपूर द्या. तिथे शब्द सोडून कृती सांगायची असते, आणि मुलांना ते आवडतं.

पाऊलखूण, सुटी वाक्यं खूप झाली. आता तिला एक छोटा संवाद द्या. सलग संवाद एका परिच्छेदात सांगायला लागलं की सगळे प्रकार एकत्र येतात आणि तक्ता आपोआप मागे पडतो. हा घ्या:

"आर यू कमिंग विथ अस?" सेड रवी.
"नो," सेड मीना. "आय हॅव टू फिनिश धिस टुडे."
"लीव्ह इट. आय विल हेल्प यू टुमॉरो."
"थँक यू, बट यू सेड दॅट लास्ट वीक टू."

---

पाऊलखूण

तिने एकटीने केलंय, मी मध्ये बोलले नाही. जसंच्या तसं देते:

रवी आस्क्ड मीना इफ शी वॉज कमिंग विथ देम. मीना सेड नो ॲण्ड सेड दॅट शी हॅड टू फिनिश दॅट दॅट डे. रवी टोल्ड हर टू लीव्ह इट ॲण्ड सेड दॅट ही वुड हेल्प हर द नेक्स्ट डे. मीना थँक्ड हिम बट सेड दॅट ही हॅड सेड दॅट द वीक बिफोर टू.

---

रेघोट्या

शाब्बास! काळ, सर्वनाम, क्रम, सगळं जागेवर आहे. 'लास्ट वीक'चं 'द वीक बिफोर' तर अगदी नेमकं.

---

अक्षरवेल

खरंच छान. नियमांची चूक एकही नाही. आता फक्त वाचायला गोड करायचं.

'दॅट दॅट डे' कानाला अडखळतं. 'धिस' म्हणजे काय ते सांगून टाकायचं: टू फिनिश हर वर्क दॅट डे. 'सेड' पाच वेळा आलंय. प्रत्येक ठिकाणी विचारायचं, तो माणूस बोलून नेमकं काय करत होता? 'आय विल हेल्प यू' म्हणताना रवी वचन देतोय, म्हणून प्रॉमिस्ड. शेवटी मीना त्याला जुनी आठवण करून देतेय, म्हणून रिमाइंडेड:

रवी आस्क्ड मीना इफ शी वॉज कमिंग विथ देम. शी रिप्लाइड दॅट शी वॉज नॉट, ॲज शी हॅड टू फिनिश हर वर्क दॅट डे. रवी टोल्ड हर टू लीव्ह इट ॲण्ड प्रॉमिस्ड टू हेल्प हर द नेक्स्ट डे. मीना थँक्ड हिम बट रिमाइंडेड हिम दॅट ही हॅड सेड द सेम थिंग द वीक बिफोर.

'प्रॉमिस्ड टू हेल्प'मध्ये 'विल'चं 'वुड' करायची वेळच आली नाही, हे तिला दाखवा. योग्य क्रियापद मिळालं की निम्मे बदल करावेच लागत नाहीत.

---

कवडसा

अवांतर: कादंबऱ्यांत याच्या मधली एक तऱ्हा असते, ती मोठी झाल्यावर मुलीला भेटेलच. "ही सॅट डाउन. व्हॉट वॉज ही टू डू नाऊ? टुमॉरो दे वुड ऑल नो." सेड नाही, आस्क्ड नाही, अवतरण चिन्हं नाहीत. सर्वनाम आणि काळ निवेदकाचे, पण 'नाऊ', 'टुमॉरो' आणि प्रश्नचिन्ह पात्राचे. भाषांतर करताना सगळ्यात जास्त वेळ अशा ओळींना लागतो, कारण मराठीत काळ न सरकवता तो दुहेरी आवाज टिकवावा लागतो.

---

पाऊलखूण

@कवडसा, हे तिला आत्ताच वाचून दाखवलं. 'टुमॉरो' आणि 'वुड' एका वाक्यात बघून म्हणाली, "म्हणजे नेहाच्या सोमवारसारखं!"

एक शेवटची शंका तिची आहे, तिच्याच शब्दांत लिहिते: "पहिल्या वाक्यात रवी 'विथ अस' म्हणाला. त्याचं मी 'विथ देम' केलं. पण समजा मी पण रवीच्या ग्रुपमध्ये असेन आणि ही गोष्ट मीच सांगत असेन, तर?"

---

अक्षरवेल

तर 'विथ अस'च. रवी आस्क्ड मीना इफ शी वॉज कमिंग विथ अस. आणि त्या मुलांबरोबर मीनासाठी खोळंबून उभी असतानाच ती हे सांगत असेल, तर 'दॅट डे'चंही 'टुडे' करायला सांगा.